पथारीवर नसलेल्या पार्वताबाई

किरीटभाईंना पार्वताबाईंना भेटायचे होते. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, नंदुरबारला, मिरचीच्या पथारीवर. अडचण एवढीच होती की पार्वताबाई नावाची बाई कुठेच नव्हती. ती मी छापली होती.

बुधवारी दुपारी युसूफभाईंचा फोन आला. युसूफभाई मिरचीचे व्यापारी. त्यांच्या फर्मचे न्यूजलेटर मी लिहितो. आवाजात आनंद मावत नव्हता.

“सर, कमाल झाली. गुजरातची ती मसाला कंपनी आहे ना, त्यांच्या मालकाला तुमचा लेख इतका आवडला, पाकिटावर पार्वताबाईंचा फोटो छापायचा म्हणतात. त्यांचे परचेसवाले किरीटभाई उद्या येताहेत. बाईला सांगून ठेवा, जरा चांगली साडी नेसून ये म्हणावं.”

“मी सांगू?”

“मग कोण? तुम्हीच शोधली ना तिला? माझ्या पथारीवर शंभर बायका. मला कुठे सगळ्या नावानं माहीत!”

मी ‘बघतो’ म्हणालो. सरकारी अधिकाऱ्यांच्या तोंडचा हा शब्द मी आयुष्यभर अवतरणचिन्हांत छापला. त्याचा अर्थ काय असतो, हे मला चांगले ठाऊक आहे.

थोडी माहिती आधी द्यायला हवी. मी तीस वर्षे वर्तमानपत्रात काढली. त्यातली बहुतेक डेस्कवर. रिपोर्टर बातमी आणतो, तिला कॉपी म्हणतात. ती तपासणे, कापणे आणि सरळ करणे हे डेस्कचे काम. विशेषणे दिसली की मी उडवत असे. नवे रिपोर्टर मला घाबरत. मला ते आवडे.

निवृत्तीनंतर युसूफभाईंनी बोलावले. त्यांच्या घराण्याचा मिरचीचा धंदा जुना. हंगामात शेतकऱ्यांकडून ओली लाल मिरची घ्यायची, मोकळ्या मैदानात पसरून वाळवायची, देठ खुडायचे आणि माल विकायचा. त्या वाळवायच्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. आजवर माल दलालामार्फत जायचा. मसाला कंपन्यांना पाकिटातली मिरची कोणाची, हे माहीत नसायचे. युसूफभाईंना दलाल वगळून थेट विकायचे होते. त्यासाठी दर महिन्याला कंपन्यांना ईमेलने एक न्यूजलेटर पाठवायचे ठरले. किरीटभाई हे त्यातून आलेले पहिले गिऱ्हाईक. पूर्ण हंगामाचा माल थेट घ्यायची त्यांची तयारी होती. वडिलांच्या काळापासून युसूफभाई ज्याची वाट पाहत होते, ते उद्या अकरा वाजता येणार होते. एका नसलेल्या बाईला भेटायला.

आता बाई कशी आली ते सांगतो.

पहिले दोन लेख मी हाताने लिहिले. युसूफभाईंनी वाचले आणि म्हणाले, “सर, माहिती बरोबर आहे. पण हे बाजार समितीचं परिपत्रक वाटतं.”

मला लागले. तिसऱ्या लेखाला मी एआयची मदत घेतली. या यंत्राला काय हवे ते साध्या भाषेत लिहून सांगायचे असते, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. पथारीवर टिपलेल्या दहा ओळी मी त्याला दिल्या. त्याने त्यांचा नीटनेटका लेख केला. तोही परिपत्रकच निघाला, फक्त लांब. मग मी लिहिले, “यात माणूस आण.”

त्याने आणला. “पार्वती आजी डोळे मिटतात, एक मिरची अलगद नाकाजवळ नेतात आणि हसून म्हणतात, ही तयार आहे.” असा परिच्छेद आला.

माझ्यातला उपसंपादक लगेच जागा झाला. आमच्या डेस्कवर एक नियम होता. पहिल्या उल्लेखात माणसाचे पूर्ण नाव, वय आणि गाव हवे. नसेल तर कॉपी परत. मी यंत्राला विचारले, “पूर्ण नाव? वय? गाव?”

क्षणात उत्तर आले. पार्वती वसावे, वय ६८, राहणार खापर, तालुका अक्कलकुवा.

मला फार बरे वाटले. इतका तत्पर रिपोर्टर मला तीस वर्षांत मिळाला नव्हता. आमचे रिपोर्टर म्हणायचे, “सर, उद्या विचारून सांगतो.” मग मी ‘आजी’ काढले, कारण बातमीत नाते लिहीत नाहीत. ‘पार्वती’चे ‘पार्वताबाई’ केले, कारण आमच्या भागात त्या वयाच्या बाईला पार्वती कोणी म्हणत नाही. ‘अलगद’ उडवले. म्हणजे यंत्राने जी बाई जरा खोटी वाटेल अशी केली होती, ती मी माझ्या अनुभवाने पक्की खरी केली.

तिला भेटले कोण, एवढे मात्र विचारले नाही. त्या लेखाचा रिपोर्टरही मी होतो आणि डेस्कही मीच. डेस्कला वाटले, रिपोर्टर भेटून आला असेल. रिपोर्टरला वाटले, डेस्क तपासेल.

लेख गेला आणि कौतुक सुरू झाले. एका जुन्या सहकाऱ्याने फोन केला, “आता कुठे तुझ्या लिहिण्यात ओलावा आला बघ.” मी आभार मानले. वाळलेल्या मिरचीत ओलावा हा दोष समजतात, हे तेव्हा आठवले नाही.

बुधवारी फोन ठेवल्यावर मी थेट पथारीवर गेलो. मैदानभर लाल मिरची पसरलेली होती. बायका रांगेने बसून देठ खुडत होत्या. त्यांच्या मुकादम रुमलीबाई. कोणाला कुठे बसवायचे, कोणता ढीग उलटायचा, हे त्या ठरवतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. माहेर खापरचे, हे मला त्या दिवशी कळले.

“रुमलीबाई, खापरच्या पार्वताबाई वसावे कामाला येतात का?” हे मी खरोखर विचारले. अजून आशा होती. एवढ्या मोठ्या गावात एखादी असेलही.

“कोन पार्वताबाई? खापर मन्हं माहेर शे. मी तं अशी बाई कधी देखी नही. काय करस ती?”

“डोळे मिटून वासावरून मिरची ओळखते.”

रुमलीबाईंनी तोंडावरचा फडका खाली केला.

“डोया झाकीसन? मिरची डोयामां गयी व्हई तिन्हा.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. पलीकडून एकीने विचारले, “काय म्हने?” तिला सगळे पुन्हा सांगण्यात आले. त्या पुन्हा हसल्या. मी उभा होतो.

तेवढ्यात युसूफभाई आले. मी त्यांना सगळे सांगितले. चार वाक्यांत, कालक्रमाने, डेस्कच्या पद्धतीने. 

“म्हणजे बाई आहेच नाही?”

“नाही.”

“वय लिहिलंय, गाव लिहिलंय, तरी नाही?”

“नाही.”

“सर, मी शिकलेला नाही म्हणून विचारतो. हे तुम्ही पेपरातपण असंच करायचात का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते देण्याची ती वेळ नव्हती.

मग युसूफभाईंनी आवाज खाली आणला. “बघा, दलाल नाही, डायरेक्ट माणूस येतोय. हा गेला तर पुन्हा कोण येणार? आपण रुमलीबाईला बसवू. एक दिवसाचा प्रश्न आहे. एक फोटो काढतील, निघून जातील.”

या ठिकाणी मी ठाम नकार दिला असे लिहायला मला आवडले असते. मी जे बोललो ते असे होते: “वय जुळेल का?”

आपण काय बोललो ते मला रुमलीबाईंच्या चेहऱ्यावर दिसले. त्या उठून उभ्या राहिल्या.

“फोटू मन्हा आनि नाव तिन्हं? नही शेठ. उद्या मन्ही पोर दुकानमां पाकीट देखी तं काय म्हनी? माय, तुन्हं नाव कोन्ही बदलं?”

“अगं, एका दिवसापुरतं.”

“पाकीट काय एक दिनना ऱ्हास का?”

युसूफभाई मग माझ्याकडे वळले. “लिहिलं तुम्ही, तर सांगायचंही तुम्हीच. फक्त एक करा. बाई खोटी होती, माल खोटा नाही, हे नीट सांगा. तेवढं जमेल ना?”

जमेल असे मी म्हणालो. तीस वर्षांत आमच्या पानावर माझ्या चुकीची दुरुस्ती दोनदा छापून आली होती. दोन्ही वेळा ती मी जाहिरातींच्या शेजारी, सर्वांत लहान टायपात लावली होती. माणसासमोर उभे राहून दुरुस्ती सांगण्याचा सराव नव्हता.

गुरुवारी किरीटभाई वेळेवर आले. हातात लेखाचा प्रिंट होता आणि सोबत कॅमेरावाला. युसूफभाईंनी खुर्ची पुढे केली. चहा यायच्या आत मी सांगून टाकले. पार्वताबाई नाहीत. एआयने लिहिल्या, मी तपासल्या नाहीत. चूक माझी. युसूफभाईंना काल कळले.

किरीटभाई चिडले नाहीत. चिडले असते तर सोपे गेले असते. त्यांनी प्रिंट उलगडला, चष्मा लावला आणि विचारले, “तो बीजुं शुं शुं खोटुं छे, साहेब?” म्हणजे, मग आणखी काय काय खोटे आहे?

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. एक बाई काढली की लेख शुद्ध होईल, अशी माझी समजूत होती. त्यांच्या दृष्टीने आता एकही ओळ उभी नव्हती.

“एक एक वाक्य वाचू,” ते म्हणाले. “ज्याला माहीत आहे तो सांगेल.”

माहीत रुमलीबाईंना होते. त्यांना बोलावले. मी मोठ्याने वाचायचे, त्यांनी निकाल द्यायचा, किरीटभाईंनी पेनने खूण करायची. पथारीच्या मध्यभागी, शंभर बायकांसमोर, माझ्या कॉपीचे एडिटिंग सुरू झाले.

“सात दिवसांच्या कोवळ्या उन्हात मिरची वाळते.”

“कोवया उनमां मिरची वायस का? कडक ऊन लागस. आनि बारा-पंधरा दिन लागतस.”

फुली.

“पारंपरिक गाणी गात स्त्रिया देठ खुडतात.”

“तोंडले फडका बांधेल ऱ्हास. गानं कोठून येई?”

फुली. एका बाईने मागून मुद्दाम दोन सूर काढले आणि तिला ठसका लागला. किरीटभाई पहिल्यांदा हसले.

“पांढरी पडलेली मिरची, जिला फटकी म्हणतात, ती हाताने वेगळी काढली जाते.”

रुमलीबाईंनी बाजूच्या ढिगाकडे बोट दाखवले. किरीटभाई उठून गेले, लाल ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर मिरची तळातून काढली आणि पाहिली. फटकी नव्हती. बरोबरची खूण.

“ओळखता कशी, वाळली ते?” त्यांनी विचारले.

रुमलीबाईंनी एक मिरची उचलून त्यांच्या कानाजवळ हलवली. आतले बी खुळखुळले. दुसऱ्या ढिगातली हलवली. ती मुकी होती. “ही आखो दोन दिन,” त्या म्हणाल्या. म्हणजे अजून दोन दिवस ऊन हवे. किरीटभाईंनी बॅगेतून ओलावा मोजायचे यंत्र काढले आणि दोन्ही ढिगांतला माल तपासला. आकडा आम्हाला दाखवला नाही. पण यंत्र बॅगेत ठेवताना मान हलवली ती वरखाली.

लेखातली निम्म्याहून जास्त वाक्ये फुलीखाली गेली. उरली ती सगळी माझ्या मूळ दहा ओळींतली होती. परिपत्रकासारखी.

निकाल असा लागला. पूर्ण हंगामाचा सौदा झाला नाही. “मालकाला काय सांगू? ज्या बाईसाठी पाठवलं तीच नव्हती,” किरीटभाई म्हणाले. पण एक ट्रक माल त्यांनी थेट घेतला, नमुना म्हणून. तो त्यांच्या कारखान्यात उतरला आणि परत आला नाही. पुढे आणखी एक मागवला. पाकिटावर मिरचीचे चित्र आहे. दलाल अजून युसूफभाईंकडे येतो, चहा पितो. बाकीचा माल अजून त्याच्याच मार्फत जातो. ती माझ्या चुकीची किंमत आहे. युसूफभाई तसे बोलून दाखवत नाहीत.

पुढच्या न्यूजलेटरमध्ये मी दुरुस्ती दिली. सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. त्याखाली रुमलीबाईंवर लेख. हा मी यंत्राला न विचारता लिहिला. पाठवण्याआधी पथारीवर जाऊन त्यांना वाचून दाखवला. त्या खुडता खुडता ऐकत होत्या. नाव बरोबर, गाव बरोबर, कामाची पद्धत बरोबर. शेवटच्या परिच्छेदात त्यांचा हात थांबला.

“ते काय वाचं आते? परत वाचा.”

मी परत वाचले. “कष्टाचे असले तरी रुमलीबाईंना हे काम मनापासून आवडते.”

“हातनी आग आग व्हस, आनि म्हने आवडस! कोन म्हने तुम्हले?”

कोणीच म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलेही नव्हते. शेवट गोड दिसावा म्हणून ते वाक्य आपोआप हातातून उतरले होते.

“काढा ते,” रुमलीबाई म्हणाल्या.

मी काढले. यंत्र आता मी टायपिंगच्या चुका शोधायला वापरतो. त्याला मी पूर्वीइतका दोष देत नाही. न विचारता लिहायची सवय त्याला कोणाकडून लागली असेल, याचा मला अंदाज आला आहे.