साहेबांच्या बॅगेचा स्टँड

त्या रेजिमेंटच्या वर्कशॉपला माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड वेल्डर, नोकरी सोळा वर्षं. वर्कशॉप लहान होतं: एक कॅप्टन, वीस-बावीस माणसं, तीन शेड. रेजिमेंटची गाडी बिघडली की ती आम्ही दुरुस्त करायची. सकाळी सहाला पीटी, आठला फॉलइन, साडेआठला जॉब कार्ड हातात. ‘जॉब कार्ड नाही तर काम नाही’ अशी पाटी फाटकाशी लावलेली होती. ती मीच रंगवली होती.

पाटी खोटी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या बंगल्यातला झोपाळा, कुणाच्या कुत्र्याचं घर, मेसच्या कुंड्यांची रॅक, या कामांना कार्ड नसायचं. तोंडी हुकूम यायचा आणि हातातलं काम खाली ठेवून ते आधी करायचं. सामान स्टोअरमधून मिळत नसे, कारण कार्डावर नंबर नाही. मग इकडचं काढ, तिकडं लाव. या प्रकाराला तिथे ‘हुशारी’ म्हणत, आणि मी हुशार वेल्डर म्हणून प्रसिद्ध होतो. आज तो शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरतं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा आणखी एकच माणूस तिथे होता. नाईक शेख रफीक, व्हेईकल मेकॅनिक, राहणार बोरी अरब. माझं गाव तिथून आठ किलोमीटर. त्याचे वडील बोरीच्या बाजारात मिस्त्री. पंप, थ्रेशर, ट्रॅक्टर, जीप, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे यायचं. रफीक वयाच्या दहाव्या वर्षापासून गाडीखाली गेलेला. इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात यवतमाळ रोज यायचं, आणि ते कशासाठी यायचं हे वेगळं सांगायला नको. मी हजर झालो तेव्हा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ साहेबांनी इंटरव्ह्यूत विचारलं, “कहाँ से हो?” मी जिल्हा सांगितला. ते म्हणाले, “वहाँ से तो बस बुरी खबर आती है.” मी “जी साहब” म्हणून सॅल्यूट मारून बाहेर आलो. रफीकला सांगितलं तर तो हसला.

“सांगाचं होतं ना दादा, आमच्याइकडून मेकॅनिकही येतात म्हून.”

छावणीत नऊ होलचं गोल्फ मैदान होतं. एका गुरुवारी सीओ साहेब ब्रिगेडियर साहेबांबरोबर खेळत असताना उतारावर त्यांची बॅग आडवी झाली आणि सगळ्या काठ्या गवतात पसरल्या. एवढंच झालं. कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही. पण दुपारी दोनला कॅप्टन साहेब वर्कशॉपला आले आणि मला बाजूला घेतलं.

“बॅग के लिए स्टँड चाहिए. हलका, फोल्डिंग. संडे को टूर्नामेंट है. सॅटर्डे, सिक्स्टीन हंड्रेड, डेमो.”

“जॉब कार्ड, सर?”

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी “राइट सर” म्हणालो.

खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडलं. सोळा वर्षं मी तुटलेलं जोडत आलो होतो आणि आज कुणीतरी नवीन काही करायला सांगितलं होतं. बॅग मागवून घेतली आणि ती कुठे तोल सोडते ते पाहिलं. वर काठ्यांची जड डोकी, खाली अरुंद बूड, ती पडणारच. तिला सरळ उभं करण्यापेक्षा थोडं मागे रेलू द्यायचं आणि पुढून दोन पायांचा टेकू द्यायचा, हे मला अर्ध्या तासात सुचलं. बैलगाडी सोडल्यावर जुवाखाली लाकडाचा टेकू, शिपाई, लावतो, तसंच. पातळ पाइपचे दोन पाय, बॅगेच्या गळ्याला एक पट्टा, पायांना जुन्या ट्यूबचं रबर. शुक्रवारी गवतावर ट्रायल घेतली. पाय फाकून बॅग खाली बसली. मग पायांच्या मध्ये एक पट्टी टाकली. तेही जमलं.

अडलं ते सांध्यापाशी. दोन्ही पाय एकाच पिनवर फिरायला हवे होते, आणि पिन हातानं ओढून काढता यायला हवी होती, म्हणजे स्टँड सुटा करून गाडीत टाकता येईल. साधा बोल्ट लावला तर पाय लटपटत. मला हवी होती कडक स्टीलची, गुळगुळीत, डोक्याला रिंग असलेली पिन. तशी पिन वर्कशॉपमध्ये एकाच ठिकाणी होती.

गाडी जॅकनं उचलली की तिच्याखाली लोखंडी टेकू लावतात. त्याला घोडी म्हणतात. जॅकचा भरवसा नसतो. माणूस गाडीखाली जातो तो घोडीच्या भरवशावर. घोडीची उंची कमीजास्त करून एक पिन आरपार घालायची, सगळं वजन त्या पिनवर. आमच्याकडे चार घोड्या होत्या. शनिवारी सकाळी नऊला मी तिसऱ्या नंबरच्या घोडीची पिन काढली आणि तिच्या जागी एक साधा बोल्ट घातला, घोडी सुटी पडू नये म्हणून. माप घेऊन तशीच दुसरी पिन घडवायची आणि ही परत लावायची, असा विचार होता.

नियम असा की वापरण्याजोगं नसलेल्या वस्तूला लाल टॅग बांधायचा आणि रजिस्टरमध्ये कारण लिहायचं. कारण काय लिहिणार? सीओ साहेबांच्या गोल्फ बॅगेसाठी पिन काढली? मी टॅग बांधला नाही. खडूनं घोडीवर ‘वापरू नये’ असं लिहिलं आणि कोपऱ्यात सरकवली. दहा वर्षांत दहा वेळा मी असंच केलं होतं.

साडेअकराला निरोप आला की टूर्नामेंटचे पाहुणे वर्कशॉपच्या रस्त्यानं जाणार, शेड धुऊन काढा. जवानांनी पाइप लावला. फरशी, बाकं, अवजारं, सगळं धुतलं. पुसून जागच्या जागी लावून ठेवलं.

मी तेव्हा तिथे नव्हतो. ब्रिगेडियर साहेबांना लवकर जायचं होतं, म्हणून डेमो सोळाशेऐवजी चौदाशेला, म्हणजे दुपारी चारऐवजी दोनला आणला होता. दुसरी पिन घडवायला वेळच उरला नाही. घोडीची पिन स्टँडमध्ये तशीच ठेवून मी मैदानावर गेलो. दोन वाजून दहा मिनिटांनी स्टँड उतारावर उभा केला, बॅग रेलवली, हात काढला. बॅग हलली नाही. सीओ साहेबांनी तिला दोनदा ढकलून पाहिलं. “व्हेरी गुड,” म्हणाले. ब्रिगेडियर साहेब म्हणाले, “मेरे लिए भी एक बनवा दो.” मला आनंद झाला. ते मी लपवत नाही.

कॅप्टन साहेबांच्या जिप्सीत रेडिओ सेट होता. दोन पंचवीसला तो बोलला.

“वर्कशॉप में हादसा. गाडी गिरी है. आदमी नीचे. डॉक्टर भेजो, ओव्हर.”

“कौन आदमी? ओव्हर.”

“नाईक रफीक. ओव्हर.”

मी जिप्सीची वाट पाहिली नाही, पळत सुटलो. पोचलो तेव्हा राशनचा तीन टनी ट्रक रिकव्हरी क्रेननं उचलला होता आणि रफीकला बाहेर काढलं होतं. त्याचा चेहरा धड होता, छाती नव्हती. शेजारी तीन नंबरची घोडी आडवी पडली होती, स्वच्छ धुतलेली, खडूचा ठिपकाही नाही. बोल्ट मधोमध तुटला होता. एमआय रूममध्ये, म्हणजे छावणीच्या दवाखान्यात, तीन दहाला डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केलं.

ट्रकचा ड्रायव्हर तिथेच उकिडवा बसला होता. तो मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. “उसने दो बार हिलाके देखा, हवालदार साहब. दो बार. फिर ही अंदर गया.” बोल्टचं डोकं जागेवर होतं आणि घोडी हलत नव्हती. त्यानं ट्रकचा नट सोडवायला खालून जोर लावला तेव्हा तो बोल्ट कापला गेला.

संध्याकाळी सहाला मी घोडी पाहायला गेलो. तिच्यात पिन होती. मूळची, रिंगवाली. मैदानावरून ती कुणी आणून घातली हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुटलेला बोल्ट कुठेच नव्हता. रविवारी टूर्नामेंट झाली, फक्त दोन तास उशिरा. बॅग माझ्याच स्टँडवर रेलली होती. सांध्यात एक साधा बोल्ट घातलेला होता, आणि तिथे तो पुरेसा होता. पाय थोडे लटपटले असतील. मरत कुणी नव्हतं.

एकाच जिल्ह्याचा म्हणून शवपेटीबरोबर मला पाठवलं. धामणगाव स्टेशनला उतरून गाडीनं बोरी. दफन झालं, सलामी दिली, घडी केलेला तिरंगा मी त्याच्या वडिलांच्या हातात ठेवला.

परतल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी सगळं सांगायला सुरुवात केली. पीठासीन मेजर साहेबांनी थांबवलं.

“पिन निकाली, किस जॉब नंबर पे?”

“नंबर नाही, सर. तोंडी हुकूम होता.”

“किसका?”

कॅप्टन साहेब भिंतीकडे बघत होते. मेजर साहेब शांतपणे म्हणाले, “रजिस्टर में एंट्री नहीं. टॅग नहीं. पिन घोडी में है. तुम कहना क्या चाहते हो, हवालदार?” बाहेर आल्यावर कॅप्टन साहेबांनी समजावलं: हुकूम सिद्ध होणार नाही, पिन काढल्याचं तुझ्याच तोंडचं, जाशील तू एकटाच. घरी शेतीचे हाल असे होते की माझ्या पगारावर दोन चुली चालत होत्या. संध्याकाळी टाइप केलेलं निवेदन पुढे आलं. त्यात स्टँड नव्हता, बॅग नव्हती, पिन नव्हती. मी सही केली. निष्कर्ष निघाला: मृताचा स्वतःचा हलगर्जीपणा, घोडी नीट न तपासता वाहनाखाली गेला. ड्रायव्हरची साक्ष घेतलीच नाही.

त्या लोकांचा मला राग आहे. आजही आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. एका बॅगेचा तोल सांभाळायला एका माणसाचा जीव घेतला आणि मग कागदावर त्यालाच दोषी ठरवलं. पण पिन काढणारा हात माझा होता आणि सही करणाराही माझाच. दुसऱ्यावर ओरडून तो हात धुऊन निघत नाही.

पुढे मी लेखी अर्ज केला, पिन मी काढली म्हणून. एकदा नाही, तीनदा. पहिल्या अर्जानंतर माझी बदली झाली. निष्कर्ष बदलला नाही. पण अर्जाची हिंमत मला आपोआप आली नव्हती. ती कशी आली तेच सांगायचं आहे.

अडीच महिन्यांनी सुट्टीवर आलो आणि बाजाराच्या दिवशी बोरीला गेलो. रफीकचे वडील, चाचा, दुकानात होते. समोर एक जीप उभी होती, बॉनेट उघडं, आणि ते नुसतेच स्टुलावर बसले होते. मला पाहून त्यांनी खिशातून कागद काढला. रेजिमेंटचं पत्र. घडीवर फाटलेलं होतं.

“मास्तरकडून वाचून घेतलं,” ते म्हणाले. “त्याच्यात लिहून राह्यले का रफीकनं घोडी पाह्यली नाही. गावातले मले बोलत नाही, पण गाडी आणतात अन् माह्याकडे पाह्यतात. मिस्त्रीचं पोट्टं अन् घोडी न पाहता खाली गेलं. त्याले मीच शिकवलं होतं ना. मले खरं सांग बाबू, माह्या पोराची चूक होती का?”

“नाही जी, चाचा.”

“मंग कोणाची?”

मी सांगितलं. बॅग, स्टँड, पिन, बोल्ट, खडू, सही. काही गाळलं नाही. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “दोन डाव हालवली होती त्यानं?”

“हो जी. ड्रायव्हरनं पाह्यलं.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता हात उचलतील. उचलायला हवा होता, मी उभाच होतो त्यासाठी. ते उठले आणि दुकानाच्या पायरीवर आले. समोर बाजार भरला होता, कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, आणि भाव नाही म्हणून माणसं गाड्यांच्या सावलीला बसून होती. शेजारचे दोन मिस्त्री, चहावाला, टायरवाला, सगळे तिथेच होते.

“मले सांगितलं ते याइले सांग,” चाचा म्हणाले. “मोठ्यानं सांग.”

“चाचा, तुम्ही म्हणाल तसा अर्ज करतो...”

“अर्ज करजो मंग. कागद इथं कोण वाचते? हे लोक माह्या पोराले नावं ठेवतात. पयले याइले सांग.”

मी युनिफॉर्मवर नव्हतो, तरी पाय जुळवून उभा राहिलो. पिन मी काढली असं म्हणालो तेव्हा चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला आणि गाड्यांखालची माणसं उठून जवळ आली. सही मी केली असं म्हणालो तेव्हा कुणीतरी शिवी दिली. चाचांनी हातानंच त्याला गप्प केलं. मी शेवटपर्यंत बोललो.

“आता त्याचं नाव घे,” ते म्हणाले. “फौजेत घेतात तसं.”

मी घेतलं. नाईक शेख रफीक, व्हेईकल मेकॅनिक, राहणार बोरी अरब. त्यानं घोडी दोनदा हलवून पाहिली होती. त्याची चूक नव्हती.

जीपवाला पुढे आला आणि म्हणाला, “चाचा, पाहता का मंग गाडी?” चाचांनी पत्राची घडी करून खिशात घातली, गोणपाट अंथरलं, आणि रफीक गेल्यापासून पहिल्यांदा गाडीखाली गेले.