बिननावाची बटणं

बटण. क्षणभर शांतता, आणि पुन्हा तोच निर्विकार स्वर: बटण. जुन्या पनवेलमधल्या एका थंडगार ओसरीवर, अबोलीच्या कुंड्यांशेजारी, भर दुपारी एका फोनमधून आलेला तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही. तुम्ही म्हणाल, त्यात जिवाला लावून घेण्यासारखं ते काय? पण फोनच्या पडद्यावरची ती बटणं मी घडवली होती, आणि त्यांवर बोट फिरवत होत्या माझ्या शाळेतल्या रिबकाबाई.

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या; त्यांची भावंडं एकेक करून इस्राएलला गेली. बाई इथेच राहिल्या, आयुष्यभर मराठी शिकवत. काचबिंदूने दृष्टी नेली तेव्हा त्या म्हणाल्या, बाकी सगळं पाठ आहे गं, फक्त पुस्तकं गेली. शेजारीण प्रेमाने वाचून दाखवते, पण ती कंटाळली की बाईंना तिच्या आवाजावरून कळतं. म्हणून वाचनालयासाठी मी केलेलं, पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप मोठ्या तोऱ्यात त्यांच्या फोनवर घालून दिलं. ‘‘मला एक पुस्तक कुणालाही न विचारता वाचायचंय,’’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आठवड्याने जाऊन पाहते, तर एकही पान उलटलं नव्हतं: बोटाखाली काय आहे ते बोलून सांगणारा त्यांचा फोन माझ्या प्रत्येक बटणावर नुसतं ‘बटण’ म्हणत होता.

ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ॲप उभारायच्या तयार सांगाड्यात, मी हे पडदे रचते, त्यावर माझा फार जीव आहे. मी कामाला लागले तेव्हाच ते चांगलं जाणतं झालं होतं, आणि तरीही दर वर्षी काही नवं शिकून येतं. जुन्या पद्धतीत प्रत्येक चौकोन हाताने जागेवर बसवायचा. नव्या पद्धतीत हवं ते सांगायचं आणि मांडणी त्याच्यावर सोपवायची. दोन्ही पद्धती एकाच पडद्यावर, सासू-सुनांनी एका ओट्यावर राबावं तशा, कुरबुरत का होईना, नांदतात! अशा या अनुभवी यंत्रणेने कितीतरी वर्षांपूर्वीच प्रत्येक बटणापाशी एक जागा राखून ठेवली आहे: ज्याला दिसत नाही त्याला ऐकू यावं, असं नाव लिहिण्याची. मी पुस्तकाचं, बाणाचं, त्रिकोणाचं नाजूक चित्र काढण्यात दिवसच्या दिवस घालवले, आणि ती जागा रिकामी सोडली. डोळे असून मला ती दिसली नव्हती.

आणि हे बाईंच्याच वाट्याला यावं? उरणकडच्या कोळीवाड्यातून पनवेलला मावशीकडे शिकायला आले, तेव्हा पहिल्याच हजेरीला ‘हजर’ म्हणायचं सोडून मी घरच्या बोलीत ‘हाय’, म्हणजे ‘आहे’, म्हणाले. वर्ग खो-खो हसला. पुन्हा म्हणून तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. बाईंनी हसू ओसरू दिलं, वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव पुन्हा पुकारलं, आणि मी पुन्हा ‘हाय’ म्हणेपर्यंत शांतपणे थांबल्या. नावाने हाक मारली की बुजलेलं माणूसही जागेवर येतं, हे मी त्या दिवशी शिकले. ज्यांनी ते शिकवलं, त्यांच्याच हाती मी बिननावांची गर्दी दिली होती!

दुरुस्ती एका दुपारचीही नव्हती, हीच तर लाज. माझ्या करंजाड्याच्या घरी बसून एकेका बटणाला नाव दिलं, नवी आवृत्ती घेऊन पुन्हा त्या ओसरीवर गेले आणि बाईंच्या हाती फोन दिला. बाईंनी बोट टेकवलं. माझी पुस्तकं, बटण, फोन म्हणाला. बाई थबकल्या, मग गालातल्या गालात हसून म्हणाल्या, ‘‘हजर.’’ मागचं पान, बटण. ‘‘हजर.’’ पुढचं पान, बटण. ‘‘हजर.’’ बोट सरकत शेवटच्या बटणावर आलं. वाचून दाखवा, बटण.  बाई मान माझ्या दिशेने वळवून थांबल्या, त्या हजेरीला थांबल्या होत्या तशाच.

‘‘हाय, बाई,’’ मी म्हणाले.

बाईंनी पडद्यावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि पुस्तक सुरू झालं. पहिलं वाक्य संपायच्या आतच त्यांनी मला हाताने उठायची खूण केली. मी चपला पायांत सरकवल्या आणि फाटक आवाज न करता लावून घेतलं.