अकोल्याच्या डोंगरात, डागदराच्या गावी

पितृपक्ष तोंडावर आला आणि ऐंशी वर्षांच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान सोडलं, "मला अकोल्याकडचं ते गाव बघायचंय."

पितरांना पाणी देताना तीन पिढ्यांची नावं घेतात. अप्पा दोनच घेतात. तिसरं त्यांच्या पणजोबांचं. इंग्रजी औषधं देणारे ते डॉक्टर. अकोल्याकडच्या त्या गावात पटकीची साथ आली तेव्हा त्यांनी बायकोपोरांना बैलगाडीत घालून शेवगावला तिच्या माहेरी धाडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. दुसरं घर केलं म्हणे. पणजीनं जन्मभर कुंकू लावलं आणि जन्मभर शिव्या घातल्या.

"आता कशाला उकरायचं, अप्पा?"

"वर गाठ पडली तर बोलायचं की नाही, ते ठरवायला नको?"

पुण्याहून पहाटे निघा, चाकणची कोंडी टळते. आळेफाट्याची मिसळ झणझणीत, सोबत ताक मागून घ्या. संगमनेरहून अकोले, पुढे राजूर. गाडी नसेल तर राजूरपर्यंत एसटी आहे. पुढची जीप मात्र शिगोशीग भरल्याशिवाय हलत नाही. दोन्ही बाजूंना भातखाचरं अशी हिरवीगार, की मी दर वळणावर गाडी थांबवत होते.

गावात पारावर चौकशी केली, तर सगळ्यांनी हिराबाईंचं घर दाखवलं. पंचाहत्तरीच्या हिराबाई ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. अप्पांनी नातं सांगताच सूप हातातच राहिलं.

"डागदराचे तुमी? आन इतकी वर्सं कुटं हुता?"

"तेच विचारायला आलोय. त्यांचं दुसरं घर कुठं होतं?"

"कसलं दुसरं घर! घरच्यास्नी धाडलं आन दोन-चार दिसांत पटकीनं त्योच गेला. माज्या आजेसासूच्या सासूनं शेवटचं पानी पाजलं त्याला."

"मग कळवलं का नाही?" अप्पांचा आवाज चढला.

"त्यानंच शपत घातली. म्हनला, निरोप धाडू नका, ती पोरं घिऊन माघारी यील आन समदी मरतील. गावानं शब्द दिला."

"अहो, साथ सरल्यावर तरी!"

"मेलेल्याला दिल्याला शब्द सोडवून कुनाकडनं घ्यायचा?" हिराबाईंनी मान खाली घातली. "चुकलंच वो गावाचं."

खरं सांगते, मला भयंकर राग आला. कसलं हे इमान! त्यापायी एक बाई जन्मभर जळत राहिली.

"हितं त्याचं कुनी न्हवतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हनून सर्वपित्रीला आमची पितरं जेवली का एक पान डागदराचं ठिवतो. कडी-भात, उडदाचं वडं. आजून चुकलं न्हाई."

अप्पा लहान पोरासारखे हमसाहमशी रडले. माझा राग कुठल्या कुठे गेला. हिराबाईंनी नाचणीची भाकरी आणि कढी खाल्ल्याशिवाय आम्हाला हलू दिलं नाही.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, भंडारदऱ्याला फार गर्दी असते. मी फोटो ढिगानं काढलेत, पण अजून एकही उघडलेला नाही. डोळ्यांपुढे अप्पांचा चेहराच येतो.

सर्वपित्रीला अप्पांनी तिसरं नाव घेतलं. मग पणजीला पाणी देताना म्हणाले, "तो पळाला नव्हता गं."

नंतर त्यांनी हिराबाईंना फोन लावला. "यापुढं त्यांचं पान आमच्याकडे. तुम्ही खूप केलंत, आता तुम्ही मोकळ्या."

"तुमी ठिवा की तुमचं," पलीकडून ठसक्यात उत्तर आलं. "तुमचा पनजा आसल, पर डागदर आमचा हाय. आमी ठिवनारच."