शेवटाच्या आधी दार उघडणारी बाई

तिला सगळे बॅटरीमावशी म्हणायचे. सगळे म्हणजे फोनवरचे. घरात ती आई होती, शेजारीपाजारी ताई होती, आणि टॉकीजमध्ये होती तेव्हा नुसतीच दारावरची बाई. सुनेनं तिला आपल्या सिनेमा-मालिकावाल्यांच्या ग्रुपमध्ये घातलं तेव्हा स्वतःचा फोटो लावायला ती काही केल्या तयार होईना. माझं तोंड बघून कुणाचं काय भलं व्हायचंय, असं म्हणून तिनं कामावरची जुनी बॅटरी टेबलावर उभी केली आणि तिचाच फोटो काढायला लावला. पत्र्याची, काचेला तडा गेलेली, बटण दाबलं की आधी एक थप्पड खाल्ल्याशिवाय न पेटणारी. तेव्हापासून जे नाव पडलं ते पडलंच.

ग्रुपचं नाव होतं 'बघाच'. माणसं कुठकुठली, एकमेकांना जन्मात न भेटलेली. रीत अशी, की दर शनिवारी दुपारी ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या आवडीचा एक सिनेमा किंवा मालिका सांगायची, का बघायची तेही सांगायचं, आणि बाकीच्यांनी आठवडाभरात ती बघून टाकायची. नियम दोनच. स्वतः पूर्ण पाहिलेलंच सुचवायचं, आणि शेवट कुणी फोडायचा नाही. नियम केले होते ग्रुप चालवणाऱ्या सरांनी. सर म्हणजे निवृत्त शिक्षक. माणूस सज्जन, पण नियम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. एकानं बिचाऱ्यानं 'शेवटी रुमाल जवळ ठेवा' एवढंच लिहिलं, तर त्यावरून त्याला दोन दिवस धारेवर धरलं होतं.

मावशी मात्र सरांची लाडकी. ती शेवटाबद्दल ताकास तूर लागू द्यायची नाही. शिकावं तर मावशींकडून, असं सर सगळ्यांना ऐकवायचे. आता खरं काय ते सांगूनच टाकलेलं बरं. मावशी शेवट फोडत नव्हती, कारण तिला शेवट माहीतच नसायचा. टॉकीजमध्ये पाहिलेल्या एकाही सिनेमाचा नाही.

हसू नका. बाईचा जन्म दारावर गेला. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवायचं, मग भिंतीला टेकून उभं राहायचं, आणि सिनेमा संपायला आला की हळूच बाहेर सटकून दारं उघडायची. नुसती उघडून भागत नाही. ती जड लाकडी दारं भिंतीतल्या आकड्यांना अडकवून ठेवावी लागतात, नाहीतर सुटलेल्या गर्दीत कुणाची तरी बोटं चेमटलीच म्हणून समजा. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून मधला जाड पडदा ओढून घ्यायचा, तो वेगळाच. म्हणजे आत काय तो सोक्षमोक्ष लागत असायचा, आणि मावशी बाहेरच्या बोळात, सिनेमाकडे पाठ करून उभी. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायचा की, असं कुणीतरी शहाणं म्हणेलच. आणि सुट्टीच्या दिवशी धुणं कुणी धुवायचं, तुमच्या आत्यानं?

म्हणून ती शेवट स्वतःच लावायची. आतून आवाज यायचे, आणि मग माणसं बाहेर यायची, त्यांची तोंडं दिसायची. एवढ्यावर तिचं भागायचं. पुढं टॉकीज बंद पडली, तिथं फरशांचं दुकान आलं, घरात टीव्ही आला, हातात फोन आला, पण खोड गेली नाही. सिनेमा संपायला आला की तिचे पाय आपोआप उठायचे. सून चिडवायची, आई, चला, दार उघडायची वेळ झाली. मालिका तिला त्यासाठीच जास्त आवडायच्या. त्यांना मेल्यांना शेवटच नसतो.

पण सिनेमा सांगावा तर तिनंच. नट कोण, कुणी काढला, बक्षीस मिळालं का, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. ती सांगायची ते खुर्च्यांवरून. या सिनेमात मध्यंतरानंतर एक खुर्ची करकरली नव्हती, बघा. याच्यात दुसरं गाणं लागलं की खुशाल पाणी पिऊन या, मी निम्मं थिएटर उठताना पाहिलंय. हा नवऱ्याबरोबर बघू नका, एकटीनं बघा. फोनचं बटण दाबून बोलायला लागली की लोक कामं टाकून ऐकायचे. त्यांच्यात एक नर्स होती. ड्यूटीवरून घरी जाताना बसमध्ये ती मावशीचे निरोप पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि मग वेगळी खाजगीत चार ओळी लिहायची. त्या चार ओळींच्या हळूहळू चाळीस झाल्या. नवरा हात उचलतो. सध्या माहेरी आहे. माहेरचे म्हणतात, किती दिवस राहणार, जा आता.

मावशीनं ते सगळं चष्मा लावून दोनदा वाचलं. तिच्याकडे या दुखण्यावर एक सिनेमा होता.

फार जुना. नवऱ्याचा मार खाणारी एक बाई असते. एक दिवस ती पिशवी भरून सरळ स्टेशन गाठते आणि गाडीत जाऊन बसते. नवरा धापा टाकत फलाटावर येतो, खिडकीशी उभा राहून हात जोडतो. इथं मावशीची बाहेर जायची वेळ व्हायची. बोळात उभं राहिलं की लांबलचक शिट्टी ऐकू यायची, मग चाकांचा आवाज, मग व्हायोलिनं. आणि बायका डोळे पुसत बाहेर यायच्या. गेली बाई, मावशीनं ठरवून टाकलं. पहिल्याच खेळाला.

ते दिवसच तसे होते. मावशी स्वतः तेव्हा नवऱ्याचं घर सोडून, काखेतलं पोर घेऊन, नुकती दारावर लागली होती. मॅनेजरनं जिन्याखालची खोली दिली होती. सख्खा भाऊ न्यायला आला. झालं गेलं विसर, नवरा सुधारलाय, बाईमाणसाचं एकटीनं कसं निभायचं, सगळं बोलून झालं. मावशी रात्रभर तळमळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारावर उभी राहिली. तोच सिनेमा, तीच शिट्टी. ती गेली, मग मला काय धाड भरलीय? संध्याकाळी तिनं भावाला एकट्यालाच परत पाठवलं. भाऊ पुन्हा तिच्या दारात आला नाही. त्याचं दुःख तिनं केलं, पण मागं वळून पाहिलं नाही.

तर आपल्या पाळीच्या शनिवारी मावशीनं तो सिनेमा अख्ख्या ग्रुपला सांगितला, आणि नर्सला खाजगीत वर एक ओळ जास्तीची बोलली. 'शेवटपर्यंत बघ पोरी. काय करायचं ते तुझं तुलाच कळेल.'

बुधवारी नर्सचं उत्तर आलं. सून बाजूला भाजी निवडत बसली होती, मावशीनं चष्मा सापडेना म्हणून तिलाच वाचायला सांगितलं. सुनेनं वाचून दाखवलं. 'मावशी, पाहिला. म्हणजे मी परत जावं, असंच तुमचंही म्हणणं आहे ना? सगळे तेच म्हणतात. तुम्ही तरी वेगळं सांगाल असं वाटलं होतं. रविवारी जाते.'

मावशीला काही केल्या अर्थ लागेना. सुनेनं भाजी बाजूला सारली, फोनवर तो सिनेमा शोधला, आणि सरकवत सरकवत शेवटच्या पाच मिनिटांवर आणून मावशीच्या हातात दिला. मावशीनं तो उभ्यानंच पाहिला. शिट्टी होते. गाडी हलते. आणि बाई पिशवी टाकून धावत्या गाडीतून उतरते, फलाटावर नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते, आणि गाडी तिच्याविना निघून जाते. मग व्हायोलिनं. बायका डोळे पुसत बाहेर यायच्या त्या यासाठी.

मावशीनं फोन सुनेला परत दिला. सून म्हणाली, पाणी आणू का.  जिच्या भरवशावर आपण भावाला तोडलं, नवऱ्याच्या नावावर पाणी सोडलं, जिन्याखाली पोर वाढवलं, ती बाई गेलीच नव्हती. ती तर उतरून पाया पडत होती. काही वेळ मावशीला आपलंच सगळं चुकलं असं वाटलं. मग तिला संताप आला, आणि तो आला तो गेलाच नाही. असा शेवट लिहिणाऱ्याच्या हाताला काही झालं कसं नाही, एवढंच ती म्हणाली, आणि तिनं फोन मागितला.

सुनेला वाटलं, आई नर्सला फोन लावणार. मावशीनं ग्रुप उघडला. जे सगळ्यांसमोर सांगितलं ते सगळ्यांसमोरच निस्तरायचं, आणि त्या पोरीचं नाव मध्ये येऊ द्यायचं नाही. तिनं बटण दाबून धरलं आणि बोलली:

'मी बॅटरीमावशी. शनिवारी मी सिनेमा सांगितला, त्याचा शेवट आज पहिल्यांदा पाहिला. ती बाई गाडीतून उतरते. तो शेवट चुकीचा आहे. माझ्या सिनेमात ती उतरत नाही. त्या शेवटावर मी जन्म काढलाय. टॉकीजच्या जिन्याखालच्या खोलीत हाल झाले, खोटं बोलत नाही, पण पुन्हा कुणाचा हात माझ्या अंगावर पडला नाही. तुमच्यातल्या ज्या कुणी तो पाहिला असेल, तिनं गाडीतच बसून राहावं.'

 मग सरांचा भलामोठा मजकूर आला. मावशींबद्दल आदर आहे, पण त्यांनी शेवट फोडला, आणि त्याहून वाईट म्हणजे अर्धवट पाहिलेले सिनेमे आजवर आपल्या गळ्यात मारले. विश्वासाचा प्रश्न आहे. त्यांनी तो निरोप पुसून टाकावा आणि सर्वांची माफी मागावी, नाइलाजानं दुसरा मार्ग घ्यायला लावू नये. सरांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. त्यांना खरंच लागलं होतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं एवढंच, की सॉरी म्हण आणि मोकळी हो. दोन शब्दांनी काय तुझी जीभ झिजणार आहे?

'जीभ नाही झिजायची,' मावशी म्हणाली. 'पण ते पुसलं तर ती खाली उतरेल.'

मुलाला काही कळलं नाही. सुनेला कळलं. मावशीनं सरांना उत्तर दिलं तेही बोलूनच. 'सर, मी शेवट बघत नव्हते कारण मी कामावर होते. तुम्ही लोक धडपणे बाहेर पडावं म्हणून दार धरून उभी होते. त्याची माफी मी मागत नाही. आणि निरोप पुसत नाही. तुम्हाला काय करायचं ते करा.'

सरांनी तिला काढलं. पण नियमाला इतका पक्का माणूस, तिचा निरोप मात्र त्यानं तसाच राहू दिला. का, ते तोच जाणे.

मावशीला वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. दोन दिवस ती फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. घरात तिचं बोलणं ऐकायला वेळ कुणाला होता? मुलगा ऐकता ऐकता झोपायचा. त्या न पाहिलेल्या माणसांनी तिचं ऐकलं होतं, मावशी पुढं काय, असं विचारलं होतं. ते गेलं. ती सुनेवर उगाच खेकसली, डाळ करपवली, बॅटरीतले सेल काढले आणि परत घातले.

शुक्रवारी नर्सचा फोन आला. लिहिणं वेगळं आणि फोनवर बोलणं वेगळं, दोघी आधी जेवणाखाण्याचंच बोलल्या. रविवारचं कुणीच काढलं नाही. मग नर्सनं विचारलं, 'मावशी, त्या जिन्याखालच्या खोलीत उकडायचं का हो?'

'मरणाचं,' मावशी म्हणाली. 'पण कडी आतून होती.'

 मग नर्स म्हणाली, की हॉस्पिटलच्या आवारात नर्सेसच्या खोल्या आहेत, एक रिकामी आहे, विचारून बघते. मावशीनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पोरीला ती खोली मिळाली का, हे तिनं मुद्दाम विचारलं नाही.

शनिवारी दुपारी मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सून आली आणि आपला फोन तिच्यापुढं धरून उभी राहिली. आज पाळी माझी आहे, म्हणाली. सिनेमा कुणी सांगावा याचा नियम सरांनी केलाय, आवाज कुणाचा असावा याचा केलेला नाही. मावशी म्हणाली, तुलाही काढतील. सून म्हणाली, काढू देत.

मावशी उठून बसली. पदर सारखा केला, जणू पलीकडून कुणी बघणार होतं. मग बटण दाबून धरलं.

'बॅटरीमावशी बोलतेय. आजचा सिनेमा सांगते, नीट ऐका. शेवट मी पाहिलेला नाही. दार उघडायला गेले होते.'