फाटकाबाहेरचे टांगे

धुळ्याहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघाले, तेव्हा करंडी मांडीवरच घेतली होती. तुमच्या मोंबाशाला परत निघालेले शाळामास्तर दुपारच्या मेलने जळगावावरून मुंबईला जाणार होते. मेल थांबणार मोजकी दहा मिनिटे. करंडीत बिबडे (ज्वारीचे पापड) आणि तुम्हा दोघा नातवंडांचे कपडे होते. तुम्ही उंची मोजून दोरा पाठवला होता, त्यावर बेतून शिवलेले. दोरा येऊन वर्ष झाले, म्हणून प्रत्येक कपड्याला चार बोटे दुमड ठेवली.

पारोळ्याच्या पुढपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. मग एरंडोलच्या अलीकडे चाकातली हवा गेली. शेतातल्या एका बाईने मला सावलीत बसवून कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि वांग्याचे भरीत दिले.

"खा अक्का, मोटार काय पळी जावाव नही."

मी घड्याळ पाहत अर्धीच भाकरी खाल्ली. माझे वेळापत्रक पाऊण तासाने चुकले होते.

जळगावला मोटारीतून उतरून टांगा केला. टांगेवाले नाना माझ्याच वयाचे, दंडावर परवान्याचा पितळी बिल्ला, घोडी पांढरी. स्टेशन आले तसा त्यांनी फाटकाबाहेरच लगाम ओढला. तिथे उन्हात वीसेक टांगे रिकामे उभे होते.

"नाना, आत घ्या ना."

"आत जावाव नही, अक्का. बठ्ठासनी शपथ लियेल शे."

शपथ सगळ्याच टांगेवाल्यांची होती. परवान्याचे पैसे ते दरसाल भरतातच. आता स्टेशनच्या आवारात शिरायचे तर रेल्वेवाले दर खेपेला वेगळा आणा मागत होते. म्हणून महिन्यापासून एकही टांगा आत गेला नव्हता. कडुनिंबाची सावली आणि घोड्यांचा पाण्याचा हौद, दोन्ही आत.

"आणा मी देते," मी म्हणाले.

"तुम्ही दिधा तरी टांगा आत गयाच ना? मंग या बठ्ठासले मी काय तोंड दखाडू?"

तेवढ्यात सिग्नल पडला. हमाल सगळे फलाटावर. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. मी करंडी उचलायला गेले आणि तशीच खाली बसले.

नानांनी माझ्याकडे पाहिले, मग टांग्यांच्या रांगेकडे. दंडावरचा बिल्ला सोडून त्यांनी घोडीच्या गळ्यात बांधला आणि करंडी डोक्यावर घेतली.

"पैसा टांगाले शे, माणूसले नही. चाला."

"नाना, हमाल कव्हय व्हयनात?" मागून कोणी ओरडले.

"आत्तेच! तू घोडीवर ध्यान ठेव."

फाटकावरच्या शिपायाने त्यांचा मोकळा दंड निरखला आणि आम्हाला सोडले.

मास्तर खिडकीशीच होते. करंडी आत गेली. त्यांचा हात मी जरा जास्तच वेळ धरून ठेवला असेन. काही आठवड्यांनी तो तुमच्या पाठीवरून फिरणार होता. मेल हलली तेव्हा नानांनी मला हळूच मागे ओढले.

बाहेर येऊन मी हमाली देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. "तुम्ले इंग्रजी येस का, अक्का?" त्यांनी विचारले. मग टांग्यात बसून, तुमच्या पत्रासाठी आणलेल्या कागदावर, मी रेल्वेच्या साहेबाच्या नावे अर्ज लिहिला. आण्याचे त्यांनी सांगितले. हौदाचे मी माझ्या मनाने घातले. वीस जणांनी अंगठे उठवले.

टांगा वळवला, पण घोडीने मान फाटकाकडेच ठेवली.

"रोज असंच करस," नाना म्हणाले. "तिले वाटस, आज तरी आत लई जाथीन."

मेल गेली त्या दिशेला दूर कुठेतरी शिट्टी वाजली. माझीही मान तिकडेच होती.

काल धुळ्याला परतले. अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे. कपडे मिळाले की दुमड किती उसवावी लागली ते कळवा. चार बोटे पुरली नसतील, तर तेही लपवू नका.