पालथी मावशी

फर्निचरच्या दुकानात शिरलं की मावशी आधी खुर्ची पालथी घालायची. किंमत विचारणं नाही, रंग बघणं नाही, काही नाही. चपला दारात काढायची, पदर कमरेला खोचायची आणि समोर दिसेल ती खुर्ची, टीपॉय, स्टूल धरून सरळ उलटं करायची. मग त्याच्यापाशी उकिडवी बसून खालून हात फिरवायची, बोटांनी ठोकून बघायची. मालक उत्तरेकडचा असला तर त्याला ऐकवायची, "भैया, इसका पोट दिखाव, पोट." बोईसरच्या दुकानदारांनीच तिला पालथी मावशी हे नाव ठेवलं आणि आमच्या चाळीतल्या पोरांनी ते उचललं. तिला त्याचा राग नव्हता. नाव ठेवायचं तर लोक मनापासून ठेवतात, एवढंच म्हणायची आणि हसायची.

ती मूळची दातिवऱ्याची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, म्हणून बोईसरला येऊन एका फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला पॉलिशपेपर घासायच्या कामाला लागली. वीस वर्षं घासलं. तिच्या बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या, आधार कार्डाच्या मशिनवर तिचा अंगठा उठेना म्हणून चार वेळा परत पाठवलं होतं बिचारीला. पण त्याच बोटांना सनमायकाच्या आत भुसा आहे की लाकूड, हे नुसतं हात लावून कळायचं.

मी कऱ्हाडकडची. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा आमच्या खोलीत दोन ट्रंका, एक गादी आणि ह्यांच्या तारापूरच्या कंपनीतून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ, एवढाच संसार होता. मावशी समोरच्या खोलीत राहायची. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहिली आणि ओळख ना पाळख, विचारते कशी, "हातात किती हायत? तेवढं सांग. त्यावरनं दुकान ठरतं." मला तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. पण ह्यांनी आकडा सांगून टाकला, आणि त्या रविवारपासून माझी शिकवणी सुरू झाली.

तिचा हिशेब साधा होता. पाच-सात हजार असतील तर दुकानाची पायरीच चढायची नाही. वीजकेंद्राच्या वसाहतीत कोणाची बदली झालीय, कोण रिटायर होऊन गावाला चाललंय, ते किराणा दुकानाच्या फळ्यावर वाचायचं आणि त्यांच्या घरी जायचं. पंधरा-वीस असतील तर पालघरला माहीमच्या रस्त्यावर तिच्या ओळखीचा सुतार होता, त्याच्याकडून करून घ्यायचं. लोखंडी कपाट मात्र बोईसरच्या शेडमधूनच, कारण तिथे पत्रा आपल्या डोळ्यांदेखत कापतात. आणि शोरूम? "थंड हवा खायला जायचं गो. कोच कसा दिसतो तो बघायचा, नि सुताराला सांगायचा." ज्याला पाठ टेकते त्याला पैसे घालायचे, ज्याला नुसते पाहुणे बघतात त्याला नाही, हेही तिचंच.

आमचा पहिला पलंग आणि टेबल वसाहतीतूनच आलं. नागपूरला परत निघालेलं एक जोडपं होतं. मावशीनं रीतसर दोघांनाही कामाला लावून पलंग उलटा केला, टेबल उलटं केलं. टेबलाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं बारक्या अक्षरात पाढे लिहिलेले. कोणी लिहिले म्हणून तिनं विचारलं. त्यांचा मुलगा लहानपणी टेबलाखाली बसून लिहायचा, आता परदेशात असतो, असं म्हणताना त्या बाई पाढ्यांवरून हात फिरवत राहिल्या. मावशीनं घासाघीस तिथेच थांबवली. पिशवीतून दातिवऱ्याचा सोललेला नारळ काढून त्यांच्या हातात ठेवला. दुसऱ्याच्या घरातलं सामान रिकाम्या हातानं उचलायचं नाही, हा तिचा नेम होता. जुनं सामान घ्यायला निघाली की पिशवीत नारळ असायचाच. पाढे पुसायचे नाहीत, अशी मला ताकीद मिळाली. माझी मुलगी पुढे त्याच टेबलावर शिकली.

मावशीच्या स्वतःच्या खोलीत मात्र एक चटई आणि एक स्टूल. आपलं घर दातिवऱ्याला आहे, इथे कशाला मांडामांड, म्हणायची. पण रविवारी सकाळी तिच्या दारात कोणी ना कोणी बसलेलं असायचं. नवीन लग्न झालेलं जोडपं, कंपनीत नुकतीच लागलेली पोरं, मुलीचं रुखवत करणारी एखादी आई. मावशी चहा करायची, आकडा विचारायची आणि निघायची. पै घ्यायची नाही. सगळं बोईसर आपल्याला विचारून संसार मांडतं, ह्या एका गोष्टीवर ती बाई जगत होती. हे मी सगळ्यात जवळून बघितलं होतं, म्हणून पुढचं सांगताना माझी मलाच किळस येते.

पालघर जिल्हा झाला, तिथे कचेऱ्या आल्या आणि मला एका कचेरीत नोकरी लागली. काही वर्षांनी आम्ही पालघरला फ्लॅट घेतला. दोन खोल्या, हॉल, गॅलरी. आयुष्यात पहिल्यांदा नवाकोरा सोफा घ्यायचा होता. मावशीला फोन केला, रविवारी ये, आपण दोघी जाऊ. तिला काय आनंद झाला! आणि मग कचेरीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, शनिवारी हाफ डे आहे, नवीन शोरूम झालंय, चल की. मी त्या काचेच्या दाराचा विचार केला. आत चकचकीत फरशी, टाय लावलेली पोरं, आणि मध्ये पदर खोचून सोफा उलटा करणारी मावशी. मैत्रिणींपुढे. मला लाज वाटली. लपवत नाही, लाजच वाटली. मी शनिवारीच गेले. दुधी रंगाचा सोफा पसंत केला, तो संध्याकाळी घरी आलासुद्धा. हमाल वर आणून ठेवून गेले.

रविवारी सकाळी साडेनऊला मावशी दारात. ठेवणीतली जांभळी साडी, केसात अबोली. मी आधीपासून घोकून ठेवलेलं धडाधड बोलून टाकलं. ह्यांनी फोनवरूनच मागवला गं, मलासुद्धा पत्ता नाही, अचानक आणून टाकला. बोलताना मी तिच्याकडे बघतच नव्हते. मावशी सोफ्यावर टेकली. एक हात बैठकीखाली घातला, क्षणभर तसाच ठेवला आणि काढून घेतला. मी जीव मुठीत धरून उभी, आता ही उठणार, पालथा घालणार. पण ती उठली नाही.

"छान हाय गो," म्हणाली. "रंग छान हाय."

इतक्या वर्षांत तिनं कुठल्याही सामानाच्या रंगाचं नाव काढलं नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आपली सुटले म्हणून खूश. मावशी आमटीभात जेवली, माझ्या मुलीच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि दुपारच्या एसटीनं परत गेली.

सोफा सहा महिन्यांत बसला. मधोमध खड्डा पडला, खालची पट्टी सुटून एक दिवस फरशीवर आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीतल्या बायका आल्या होत्या, त्या बसल्या तशा आत गेल्या आणि खो खो हसल्या. मीही हसले. पुढे चाळीत जाणं कमी झालं. चाळीतल्या शोभावहिनी कधीतरी फोनवर म्हणाल्या, हल्ली मावशीकडे रविवारी कोणी नसतं. मला वाटलं, आता लोक सगळं मोबाईलवरच मागवतात, तिच्याकडे कशाला जातील?

मग तिचं पोट बिघडलं, दुखणं लांबलं आणि पुतण्यानं तिला दातिवऱ्याला नेलं. मी सफाळ्याला उतरून रिक्षानं गेले. ओटीवर खाटेला खिळली होती, मुठीएवढी झालेली. त्या शनिवारचं सगळं तिला सांगायचं, पायांवर डोकं ठेवायचं, असं ठरवूनच गेले होते. पण ती मुलीचं कॉलेज, माझं पाठीचं दुखणं, वाडीतले नारळ, हेच विचारत राहिली. विषय निघाला की दुसरीकडे वळवायची. निघताना माझा हात धरून म्हणाली, "आता जा गो, गाडी चुकंल. आलीस ना, मना बरं वाटलं." पुढच्या रविवारी सांगू म्हणून मी उठले. ती गुरुवारी गेली.

दहाव्याला बोईसरहून बरीच माणसं आली होती. क्रियाकर्म आटोपून सगळे मांडवात बसले होते. जगनभाऊ माझ्या शेजारी येऊन बसले. हे आमच्या चाळीच्या नाक्यावरचे टेंपोवाले, मावशीनं घेतलेलं सगळं सामान वर्षानुवर्षं त्यांच्याच टेंपोतून यायचं. हळहळत म्हणाले, "ताई, तुमचा सोफापण मीच आणला होता. शोरूमनं माजीच गाडी लावली होती. मी खालीच होतो. त्याच सांजेला मावशीला सांगितलं, ताईंचा सोफा पोचवून आलो, तू कशी नव्हतीस? तर म्हणाली, मीच बघून ठेवला होता तो, मीच तिला घे म्हणून सांगितलं."

त्याच सांजेला. म्हणजे शनिवारी. म्हणजे रविवारी ठेवणीतली साडी नेसून, अबोली माळून आली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मी बोलावलं होतं म्हणून आली, आणि माझं खोटं खाली मान घालून ऐकून गेली.

जगनभाऊंचं बोलणं संपलं नव्हतं. "पण मावशीनं बघितलेला सोफा बसला ना लवकर, ते चाळीत कळलं सगल्यांना. लोक म्हणायला लागले, मावशीची नजर गेली आता. कोण विचारायचं नाय मग तिला. ती काय बोलली नाय कुनाला. मनाला लागलं पण तिच्या."

मी उभी राहिले. मांडवात बोईसरची सगळी होती, तिनं ज्यांचे संसार मांडून दिले ती सगळी. मी म्हटलं, "तो सोफा मावशीनं बघितलाच नव्हता. मला तिला दुकानात न्यायची लाज वाटली. मी तिला चुकवून एकटी गेले, आणि तिच्याशी खोटं बोलले. तिची नजर शेवटपर्यंत चांगली होती."

शोभावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मागच्या रांगेत मावशीची थोरली जाऊ बसली होती, काठी टेकून. तिनं माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं.

"हे ती हाय तवा का नाय सांगितलंस, बाय?"