नजीरभाईंचं रीडिंग

नजीरभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी जुन्नरच्या स्टँडवर उभा होतो. "अब्बा सकाळी गेले, सर," एवढंच ती म्हणाली. मी 'अरेरे' म्हणालो आणि आलेल्या एसटीत चढलो... दफनाला गेलो नाही. त्याला आता महिना झाला.

कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मी प्राध्यापक आणि ते प्रयोगशाळा सहायक, अशी आमची वीस वर्षं गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या, कळंबला दिलेल्या धाकट्या बहिणीचा, शालनचा, गळा सुजला. बाजारात एकजण समुद्री शेवाळाची पूड विकायचा. गलगंडावर आयोडीन चांगलं, म्हणून ती मीच तिला आणून दिली. नजीरभाई म्हणाले, एकदा तपासून बघू. त्यांनी पूड जाळून राख केली, राखेचं पाणी गाळलं, त्यात लागतील ती रसायनं घालून आयोडीनचा निळा रंग आणला आणि तो पुरता जाईपर्यंत ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, हायपोचं द्रावण थेंबाथेंबाने सोडत राहिले; हायपो जितका जास्त लागेल, तितकं आयोडीन जास्त. असं तीनदा केलं.

"सर, आयोडीन लई निघतंय. ताईंना देऊ नका."

बीएस्सीची मुलं समोर होती. भांडी धुणाऱ्याने मला आयोडीन शिकवू नये, असं मी म्हणालो. मुलं हसली. नजीरभाईंनी ब्युरेट उतरवली आणि धुवायला घेतली.

शालन पुढे चार महिने पूड खात राहिली. हात थरथरू लागले, भाकरी थापता येईना, बसल्या जागी छाती धडधडायची. हिला एवढं आयोडीन कोण देत होतं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं. मी औषधांची चिठ्ठी उचलून बाहेर गेलो. दिवाळीनंतर तिचं हृदय थांबलं.

मयतीला नजीरभाई सगळ्यांच्या आधी आले. त्या पुडीबद्दल चकार शब्द काढला नाही. तेराव्यानंतर उरलेली पूड मी एकट्याने तपासली. त्यांचंच उत्तर आलं... ते मी त्यांना सांगितलं नाही. पुढे ते निवृत्त झाले, तेव्हाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात भेटलो, तेव्हा त्यांची फुप्फुसं निकामी झाली होती.

"सर... ते शेवाळाचं रीडिंग... बरोबर व्हतं का माझं?"

"जुनं झालं ते. मला आठवत नाही."

त्यांनी मान हलवली आणि मुलीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

परवा प्रयोगशाळेतली जुनी नोंदवही काढली. त्यांच्या बारीक अक्षरात तीन आकडे आहेत. त्यांवर माझ्या लाल पेनाची काट, खाली 'चूक' आणि माझी सही. आकडे अजून स्वच्छ वाचता येतात.